उणे तिसातही सुरू होणारी गाडी

ताइमी केम्पाइनेन खऱ्या अर्थाने गाडी चालवायला लागली ती साठी उलटल्यावर. परवाना तिने तरुणपणीच काढला होता, पण घरात ओइवासारखा नवरा असताना स्टिअरिंगला हात लावायची वेळ कधी आलीच नाही. ओइवाने जन्मभर आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढला. पहाटे त्याच्या गाडीपुढचा बर्फ ढकलायचा नांगर रस्ता मोकळा करायचा आणि मगच दूधवाला, शाळेची बस आणि आम्ही सगळे बाहेर पडायचो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. ताइमी शेजारी बसून मोजे विणायची. गावातली शाळा होती तोवर ती तिथल्या स्वयंपाकघरात होती, आणि शाळा बंद झाल्यावर घरी. आमचं घर त्यांच्या समोर, तळ्याच्या पलीकडच्या काठाला. हिवाळ्यात तळं गोठलं की मी चालतच त्यांच्याकडे कॉफीला जाते.

मग ओइवाचं डोकं त्याला दगा द्यायला लागलं. ज्या रस्त्यांवर त्याने आयुष्य काढलं, त्याच रस्त्यांवर तो वळणं चुकायला लागला. एका उन्हाळ्यात त्याने आपली गाडी पेट्रोल पंपावर कुणा अनोळखी माणसाला मातीमोल भावाने विकली आणि मोठा व्यवहार केल्याच्या आनंदात जंगलातून चालत घरी आला. पुढच्या शरद ऋतूत त्याला न्यूमोनिया झाला, त्यानंतर घरी सांभाळणं शक्य राहिलं नाही आणि त्याला मोठ्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. दक्षिणेत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, पाइविक्कीने, आईसाठी एक वापरलेली डिझेल गाडी घेऊन दिली. गाडी जर्मनीतून आलेली, दिसायला देखणी, चालायला गुणी. पण ज्या माणसाला ती पहिल्यांदा विकली गेली होती, त्याला आमचा हिवाळा ठाऊक नव्हता. गाडीला इंजिन हीटर, म्हणजे निघण्याआधी विजेवर इंजिन तापवून ठेवणारं यंत्र, नव्हता. आमच्या काइनू भागात हीटर नसलेली गाडी म्हणजे नोव्हेंबर ते मार्च अंगणातलं ओझं.

आणि ताइमीला तर रोज सकाळी जायचंच होतं. ओइवा दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे. परिचारिका चमचा पुढे करायच्या, तो तोंड मिटून घ्यायचा. ताइमीने ओटची लापशी आणि त्यावर लाल लिंगोनबेरीचा मुरंबा असा वाडगा समोर धरला की निमूटपणे संपवायचा. बस होती, पण शाळेच्या दिवशी आणि मुलांच्या वेळेला. त्या बसने गेलं तर तिथे पोहोचेपर्यंत नाश्ता उरकलेला असायचा. मी तिला सोडू शकले असते, पण डोळ्यांमुळे माझा परवाना तेव्हाच गेला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिली खरी थंडी पडली. पारा उणे पंचविसाच्या खाली गेला, आणि ताइमीची गाडी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. तिने शुश्रूषागृहात फोन करून कळवलं. तिथल्या बायकांनी आपापल्या परीने प्रयत्न केला. ओइवाने त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी वाडगा भिंतीवर भिरकावला. मग ओइवाचा धाकटा भाऊ रेयो आपली गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. ओइवाचे ओठ सुकून फुटले होते. तिच्या हाताकडे बघत बघत त्याने सगळी लापशी खाल्ली आणि रिकामा वाडगा पुन्हा पुढे केला.

परत आल्यावर ताइमी रेयोच्या गाडीतून उतरली आणि सरळ आपल्या गाडीपाशी गेली. तिच्या छपरावर हात ठेवून म्हणाली, "ही गाडी रोज सकाळी सुरू झाली पाहिजे. कशी, ते मी बघते."

लगेच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पाइविक्की फोनवर म्हणाली की घर विक, शुश्रूषागृहाच्या मागेच एक छान फ्लॅट रिकामा आहे, चालत जाता येईल. ताइमी चिडली नाही. "घर सोडायचं की नाही ते मी ठरवेन, पाइविक्की," ती म्हणाली. "एक गाडी सुरू होत नाही म्हणून ते ठरायचं नाही."

रेयो मनाने चांगला, पण धीर कमी. त्याने कुठूनतरी एक चपटा हीटर आणला, इंजिनाच्या तळाला, जिथे तेल साठतं तिथे चिकटवायचा. अंगणातच, थंडीत, तळावरचा तेलकट थर न पुसता त्याने तो दाबून बसवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरातलीच वायर बाहेर सोडली आणि झालं तुझं काम म्हणून कॉफी पिऊन गेला. थंडी बेताची होती तोवर त्याने काम भागलंही. मग एका सकाळी ताइमी बाहेर गेली तर तो हीटर खाली बर्फात पडलेला, अजून गरम, आणि त्याच्याभोवती वाडग्याएवढा खड्डा वितळलेला. वायर थंडीने काठीसारखी ताठ झाली होती आणि दोन ठिकाणी तिचं आवरण तडकून आतली तार दिसत होती.

तिने घरात जाऊन आधी प्लग काढला. वायर गुंडाळली, हीटर पुसला, एका पिशवीत घातला आणि रेयोला वाईट वाटू नये म्हणून सोबत राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, भात भरून भाजलेल्या पुऱ्या दिल्या. तरी तो कुरकुरलाच. एवढ्याशा गाडीला आता राजवाडा बांधणार का, असं काहीतरी म्हणाला.

"तू बसवलंस ते माझी अडचण भागावी म्हणून," ताइमी म्हणाली. "आता मी बसवणार ते ओइवासाठी. त्यात भागवाभागवी नको."

ओइवासाठी म्हणजे काय, ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं. ओइवा हल्ली तासन्‌तास खिडकीपाशी उभा राहायचा आणि कुणी विचारलं की एकच सांगायचा, घरी जायचंय. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला घरी आणायचं, असं ताइमीने मनाशी ठरवलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, आणि ओइवाने आईच्या कबरीवरची मेणबत्ती कधी चुकवली नव्हती. तिने शुश्रूषागृहाच्या मुख्य परिचारिकेला, ओर्वोक्कीला, विचारलं. ओर्वोक्की कडक बाई, पण बोलायला सरळ. न्यूमोनियानंतर ओइवाच्या छातीत दम राहिलेला नव्हता. थंड गाडीत बसवून त्याला पाठवायला ती तयार नव्हती.

"तो आत बसेल तेव्हाच गाडी गरम हवी, आणि उतरेपर्यंत गरम राहायला हवी," ती म्हणाली. "गाडीत त्याच्या तोंडातून वाफ दिसली तर मी त्याला तिथूनच परत आत घेणार."

इंजिन सुरू करण्यापुरता हीटर एक आणि माणूस सुखाने बसू शकेल असा हीटर वेगळा, हे ताइमीच्या तेव्हा लक्षात आलं. ती मोठ्या गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. काउंटरवर यार्क्को नावाचा तरुण होता. त्याने तिच्यापुढे तीन प्रकार मांडले. पहिला रेयोसारखाच, बाहेरून चिकटवायचा. दुसरा इंजिनाच्या अंगातल्याच एका भोकात बसणारा, आतलं पाणी तापवणारा. तिसरा पाण्याच्या रबरी पाइपमध्ये मधे जोडायचा, त्याला छोटा पंप, तो गरम पाणी सगळीकडे फिरवतो. तुमच्यासाठी पहिलाच पुरे, असं म्हणून त्याने तो पुढे सरकवला. ताइमीने विचारलं की याने आतली सीट कधी गरम होईल. यार्क्को हसला. हीटर गाडी सुरू होण्यासाठी असतो, सीटसाठी नाही, म्हणाला.

"मला दोन्ही हवंय," ताइमी म्हणाली.

दुसरा प्रकार तिच्या इंजिनाला बसतच नव्हता, ते भोक एका लोखंडी आधाराच्या मागे झाकलेलं होतं. राहिला तिसरा. यार्क्कोने संगणकावर बघून मान हलवली. त्या इंजिनासाठी तो मिळतो, पण तुमच्या मॉडेलसमोर त्याचं नाव नाही.

"इंजिन तेच आहे ना?"

"इंजिन तेच. बॉडी वेगळी."

"म्हणजे बाहेरचा पत्रा."

"हो, तसंच म्हणा."

"मग मला पत्रा तापवायचा नाहीये."

यार्क्को बिचारा चुकीचं काही बोलत नव्हता. पाइपला पुरेशी जागा नसेल तर हीटर बसणार नाही आणि मग परत घ्यायची पंचाईत. शेवटी तो म्हणाला की कुणा मेकॅनिकने गाडी बघून होकार दिला तर मागवून देतो. ताइमीने घाईने काहीच घेतलं नाही. दुकानातून निघून ती पेट्रोल पंपावरच्या कॅफेत गेली. तिथे टॅक्सीवाली मार्युत नेहमीसारखी कॉफी पीत बसली होती. हिवाळा-उन्हाळा रुग्णांची ने-आण करणारी ही बाई, आणि तिचीही गाडी डिझेलच. मार्युतने तिला बसवून घेतलं आणि सगळं समजावलं. चिकटवायचा हीटर तिनेही वापरून पाहिला होता. त्याने इंजिन कसंबसं सुरू व्हायचं, पण गाडीत बसल्यावर पाय गोठायचे. पाइपमधला घेतला आणि तिची कटकट संपली. त्यातही सीटपाशी एक छोटा पंखेवाला हीटर लाव, त्याच वायरवर चालतो, काचाही आतून मोकळ्या होतात, असं ती म्हणाली.

"पण एक ऐक, ताइमी. हीटर म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं भिंतीवर असतं. अंगणात अर्थिंगवालं पक्कं सॉकेट नसेल तर आधी ते कर. आणि तिथे, ओइवाकडे, गाडी सकाळभर कुठे लावणारेस? तीन तास उणे तिसात उभी राहिली की तुझा घरचा सगळा गरमपणा गेला."

हे ताइमीच्या डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि कॉफी न संपवताच उठली.

मेकॅनिक इल्पोकडे नाताळपर्यंत एकही वेळ रिकामी नव्हती. ताइमीने वाद घातला नाही. त्या आठवड्यात आभाळ भरून आलं होतं, थंडी सैल पडली होती आणि गाडी कुरकुरत का होईना सुरू होत होती. ओइवाचा नाश्ता झाला की ती इल्पोच्या वर्कशॉपमध्ये यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि थर्मास काढून विणकाम सुरू करायची. कुणाच्या मधे नाही, कुणाला हाक नाही. असे काही दिवस गेले.

"तू इथे बसलीस म्हणून माझी कामं लवकर होणार नाहीयेत," इल्पो एकदा वैतागून म्हणाला.

"तुझी कामं सावकाश होऊ देत. तू माझी गाडी फक्त एकदा खालून बघ, होईल का नाही ते सांग. नाही म्हणालास तर उद्यापासून येणार नाही."

इल्पोने गाडी वर उचलून घेतली, दिवा घेऊन खाली शिरला आणि एकेक पाइप तपासला. रेडिएटरच्या मागे, खालच्या बाजूला पाइपचा एक सरळ तुकडा होता. जेमतेम, पण होता. तिथे हीटर बसेल, फक्त आत हवा अडकू देता कामा नये, नाहीतर तो पाण्याशिवाय तापून जळेल, असं तो म्हणाला. मग हात पुसत त्याने यार्क्कोला फोन लावला. दोन दिवसांनी कुणीतरी आपली वेळ रद्द केली आणि इल्पोने ती ताइमीला दिली. सीटपाशी पंखाही बसवला. गाडीच्या पुढच्या जाळीतून वायर लावायचं छोटं सॉकेट बाहेर आलं, तेव्हा ताइमीने ते बोटाने चाचपून बघितलं. त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनने अंगणातल्या शेडच्या भिंतीवर नवं अर्थिंगवालं सॉकेट आणि टायमर लावला.

राहिला प्रश्न शुश्रूषागृहाचा. तिथल्या अंगणात गाड्यांना वीज द्यायचे खांब होते, पण ते कर्मचाऱ्यांसाठी. ताइमीने ओर्वोक्कीला विचारलं, ती नाही म्हणाली. आज तुम्हाला दिला तर उद्या सगळे नातेवाईक मागतील, आणि तेवढी वीज त्या अंगणात नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ताइमीने पुन्हा विचारलं नाही, पण ती रोज तिथून जाताना कुठला खांब रिकामा आहे ते बघत राहिली. हे हिबाकच्या लक्षात आलं. हिबाक ही तिथली सोमाली परिचारिका, लहानपणीच आईबापांबरोबर आमच्या भागात आलेली, आणि ओइवाने वाडगा भिरकावला तेव्हा त्याच्यासमोर असलेली. एके दिवशी कोट काढता काढता तिने ताइमीच्या हातात एक छोटी किल्ली ठेवली, खांबाच्या झाकणाची. नाताळच्या आठवड्यात तिची संध्याकाळची पाळी होती, सकाळभर तिचा खांब मोकळाच असणार होता.

ओर्वोक्कीने हटकलं तर काय सांगायचं, असं ताइमीने विचारलं.

"खांब माझा आहे ना? माझ्याकडे पाहुणी आलीय म्हणून सांगा."

ओर्वोक्कीने काही विचारलंच नाही. तिच्या खिडकीतून तो खांब सरळ दिसतो, एवढं मला माहीत आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी पारा उणे तेहेतीसवर होता. आकाश स्वच्छ, झाडं पांढरीशुभ्र, आणि हवा अशी की नाकातले केस ताठ व्हावेत. मी माझ्या खिडकीपाशी उभी होते. पलीकडच्या काठावर ताइमी बाहेर आली, वायर काढली, गुंडाळून आत ठेवली आणि गाडीत बसली. किल्ली फिरवल्याबरोबर दिवे उजळले. काच खरवडायलासुद्धा ती उतरली नाही. काचा आधीच मोकळ्या झाल्या होत्या. मला इकडे एकटीला हसू आलं.

पुढचं मला तिने आणि पाइविक्कीने सांगितलं. पाइविक्की आदल्या दिवशीच दक्षिणेहून आली होती आणि आईबरोबर गेली होती. त्यांनी गाडी हिबाकच्या खांबाला लावली. ओइवाला लापशी भरवून, लोकरीचे कपडे, फेल्टचे बूट असं सगळं चढवेपर्यंत बराच वेळ गेला. निघायच्या आधी ओर्वोक्की स्वतः अंगणात आली, ओइवाच्या जागी पुढच्या सीटवर बसली, दार लावून घेतलं आणि तोंड उघडून जोरात श्वास सोडला. वाफ आली नाही. तिने पुन्हा एकदा करून बघितलं, उतरली आणि दार लगेच बंद करून म्हणाली, "घेऊन या त्याला."

जंगलाच्या पट्ट्यात त्यांच्या पुढे बर्फ काढणारी गाडी लागली. बाजूला पांढरा झोत उडवत ती संथपणे चालली होती. ताइमी तिच्या मागे मागे जायला लागली, तसा ओइवा सीटवर सरळ झाला.

"अंतर ठेव," तो म्हणाला. "त्याला मागचं दिसत नाही."

कित्येक महिन्यांत त्याने एवढं सुसंगत वाक्य उच्चारलं नव्हतं. ताइमीने वेग कमी केला. तो रस्त्याकडे बघत राहिला आणि पुढची गाडी वळून जाईपर्यंत तसाच ताठ बसला.

स्मशानभूमीत बर्फात शेकडो मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. ओइवाला उतरवलं नाही. ताइमीने गाडी चालूच ठेवली, पाइविक्की त्याच्यापाशी बसली, आणि ताइमी एकटी कबरीवरचा बर्फ हातांनी बाजूला करून मेणबत्ती लावायला गेली. काच स्वच्छ होती, त्यामुळे त्याला आतून सगळं दिसत होतं. ती कबर कोणाची आहे, असं त्याने विचारलं. तुझ्या आईची, पाइविक्की म्हणाली. तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ताइमी परत येईपर्यंत ती पुन्हा घातली नाही.

घरी रेयो आणि मी वाट बघत होतो. गाडी आल्याबरोबर रेयोने वायर शेडच्या सॉकेटला लावली आणि उगाचच दोनदा प्लग दाबून बघितला. जेवायला हॅम होतं, कंदाचं गोडसर भाजलेलं मिश्रण होतं, तांदळाची खीर होती. ओइवा सगळं चवीने जेवला, पाइविक्कीच्या हातूनसुद्धा. जेवणानंतर आपल्या जुन्या खुर्चीत बसून त्याने खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, चूल बघितली. मग ताइमीकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "छान होतं सगळं. आता आपण घरी जाऊ या."

पाइविक्कीने तोंड फिरवलं. रेयो उठून खिडकीपाशी गेला. ताइमीने हातातला कप खाली ठेवला, त्याच्या बुटांपाशी वाकून बंद बांधायला घेतले आणि म्हणाली, "चल."

गाडी गरमच होती. परतीच्या वाटेवर तो झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, एवढा आटापिटा केलास आणि त्याने घर ओळखलंच नाही. ती बटाटे सोलत होती. "मी त्याला घरी नेईन म्हटलं होतं," ती म्हणाली. "कुठलं घर, ते त्याने ठरवलं. त्या दिवशी दोन्हीकडे नेलं की नाही?" आणि बटाटे सोलत राहिली.

जानेवारीत थंडीने कहर केला. शाळेची बस काही दिवस बंद राहिली, रेयोची गाडीही दोनदा अडून बसली. ताइमीची एकदाही अडली नाही. नाताळचा आठवडा संपल्यावरही हिबाकने खांबाची किल्ली परत मागितली नाही. रिकाम्या खांबावर ताइमी गाडी लावायची आणि कुणी तिला काही म्हणत नसे. तळ्यावरचा बर्फ काळा पडून काठापासून सुटायला लागला, त्या दिवसांत ओइवा गेला. शेवटच्या सकाळी त्याने तिच्या हातून तीन-चार चमचे लापशी खाल्ली होती.

दफन झाल्यावर पाइविक्कीने पुन्हा फ्लॅटचा विषय काढला. आता रोज ओइवाकडे जायचं कारण उरलं नव्हतं, पण आईने त्या घरात एकटीने राहू नये असं तिला वाटत होतं. ताइमीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शरद ऋतूत बघू म्हणाली. शरद ऋतू आला तशी तिने शेडच्या भिंतीवर दुसरं सॉकेट बसवून घेतलं. घरी येणाऱ्या माणसाची गाडी गोठायला नको, एवढंच तिने मला सांगितलं. पाइविक्कीने नंतर विचारणं सोडलं.

आता दर बुधवारी ती आम्हा तिघी म्हाताऱ्यांना मोठ्या गावातल्या तरणतलावावर घेऊन जाते. येताना माझे डोळ्यांचे थेंब घ्यायला औषधाच्या दुकानापाशी थांबते. गाडी सावकाश चालवते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. गप्पांना तिची हरकत नसते, फक्त वळणावर बोलायचं नाही, असा तिचा नियम आहे. वळण आलं की आम्ही तिघी गप्प बसतो.